जिन्यातल्या चार पट्ट्या

"भाऊजी, बाहेरच्या काढून टाकू का?"

मेहुणा उंबऱ्यावर उभा होता. एका हातात काळ्या इन्सुलेशन टेपचं नवं रीळ, दुसऱ्या हातात कात्री. आतल्या सगळ्या जागांच्या पट्ट्या त्याने बदलून टाकल्या होत्या. आता तो जिन्याकडे तोंड करून विचारत होता.

"राहू दे," मी म्हटलं.

"जुन्या झाल्यात. धूळ बसलीय."

"राहू दे म्हटलं ना."

तो आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. कंपाउंडर वर्तमानपत्रातून कापलेलं सामन्यांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवत होता, तो चिकटवतच राहिला. कंडक्टर खुर्चीत बसून बूट काढत होता, त्याने एकच बूट काढला आणि थांबला. कप सुरू व्हायला आठ दिवस होते.

हे पट्ट्यांचं प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. वीस वर्षांपूर्वी आपली टीम कप जिंकली, ती एकदाच. त्या वेळी आमच्या इमारतीत सगळ्यात मोठा टीव्ही माझ्याकडे होता. सेमीफायनल बघायला आम्ही चौघे बसलो होतो. मी, खालच्या मजल्यावरचा कंडक्टर, गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांकडे असलेला कंपाउंडर, आणि माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता, नोकरी शोधायला म्हणून आमच्याकडे राहत होता. बायको चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि त्या एका ओव्हरमध्ये आपल्या तीन विकेट गेल्या.

"ताई, तू जा बरं बाहेर," मेहुणा म्हणाला. "तू आलीस की पडतात."

ती स्वयंपाकघरात गेली. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, तिथून टीव्ही तिरका दिसतो. चौथी विकेट पडली.

"तिथूनही नको. पार बाहेर जा."

ती हसली, स्टूल उचललं, मटारची पिशवी आणि एक वाटी घेतली आणि बाहेर जिन्याच्या चौकात जाऊन बसली. जाताना दार ओढून घेतलं. तिथून पुढे आपण ती मॅच जिंकलो. फायनललाही ती बाहेर आणि आम्ही त्याच जागांवर. कप आला. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून टेप आणली आणि प्रत्येकाच्या खुर्चीच्या पायाखाली फरशीवर खुणा केल्या, जागा इंचभरही हलू नयेत म्हणून. कंडक्टर म्हणाला, "आणि वहिनींच्या स्टुलाचं काय? खरी जागा तर तीच." मग मी बाहेर जाऊन स्टुलाच्या चार पायांसाठी चार पट्ट्या लावल्या. ती स्टूल उचलून धरून उभी होती.

"नीट लावा," ती म्हणाली. "एखादी वाकडी लागली तर तेही माझ्याच नावावर खपवाल."

सगळे हसलो. तीही हसली.

त्यानंतर चार कप झाले. मधल्या मोठ्या मॅचेस वेगळ्याच. प्रत्येक वेळी ती बाहेर बसली, आणि चारही कप आपण हरलो. पण आता एकदा तिला आत बसवून बघू, असं आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तिला जाऊन आता सव्वा वर्ष झालं.

कंडक्टरने दुसरा बूट काढला आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

"यंदा नाही तर कधीच नाही," कंपाउंडर म्हणाला. "ओपनर बघ कसा खेळतोय. पाच मॅचमध्ये तीन शतकं. समोरचे बॉलर नुसते चेंडू आणून द्यायच्या कामाचे उरलेत."

"आणि आपल्या डावखुऱ्या बॉलरचा गुडघा?"

"बरा आहे गुडघा."

"तुला काय माहीत? मलमपट्टी तू केलीस?"

"पेपरात आलंय."

"पेपरात चार वर्षांपूर्वीही आलं होतं. तिसऱ्या मॅचला लंगडत बाहेर गेला," कंडक्टर माझ्याकडे वळला. "मिस्त्री, हा माणूस दर कपला गुडघ्याला बाशिंग बांधून बसतो, आणि लग्न काही होत नाही."

"हे बघ, मी अडुसष्टचा. पुढचा कप बहात्तराव्या वर्षी," कंपाउंडर वेळापत्रकाचा कोपरा अंगठ्याने दाबत म्हणाला. "माझ्या वाट्याला किती कप उरलेत ते मोज जरा. मी आशा धरायची नाही तर कोणी धरायची?"

कंडक्टरने बूट उचलून दाराशी नेऊन ठेवले. कंपाउंडरला जिंकल्यासारखं वाटलं असावं, कारण तो पुढे म्हणाला, "फक्त एकच अडचण आहे. यंदा विकेट पडली तर शिव्या कुणाला द्यायच्या?"

वीस वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलं त्याच्या. माणूस वाईट नाही. तिच्या इंजेक्शनांसाठी अडीच वर्षं तोच येत होता, पावसापाण्याचा, स्वतःच्या पायाला सूज असताना. बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. मेहुणा कात्री ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला आणि तिथे नळ सोडून उभा राहिला.

"मला द्या," मी म्हटलं.

"मिस्त्रीला काय द्यायच्या?" कंडक्टर म्हणाला. "मॅच चालू असताना त्याला ऐकू कुठे येतं."

ते गेल्यावर मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी संपली की रोज फोन करते, दोन-तीन मिनिटंच बोलते.

"मामा आला होता?"

"हो. पट्ट्या बदलून गेला."

"सांगितलंत?"

"नाही."

मागे कोणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं.

"बाबा, मी सव्वा वर्ष काही म्हटलं नाही. पण मामाला न सांगता त्या खोलीत पुन्हा मॅच लावलीत, तर मला त्या घरात यायला जमणार नाही. ही धमकी नाही. मला खरंच जमणार नाही."

"सांगेन."

"मॅचच्या आधी सांगा."

काय सांगायचं, ते तिला आणि मलाच ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना मी एकच सांगितलं होतं. गेल्या कपानंतर बायकोचं पोट अचानक दुखायला लागलं, नेलं तर गाठ निघाली. आधी काही लक्षणच नव्हतं, असं मी मेहुण्याला दवाखान्याच्या पायऱ्यांवर सांगितलं होतं आणि त्याने ते धरून ठेवलं होतं. येईल त्याला तो तेच सांगायचा. "काही लक्षणच नाही हो. लक्षण असतं तर आपण सोडलं असतं का?"

पण डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघे होतो. मुलगी, मी आणि ती. डॉक्टरांनी विचारलं, "दुखायला कधीपासून लागलं?"

ती पटकन म्हणाली, "पहिल्या मॅचपासून."

"कसली मॅच?"

मग तिच्या लक्षात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, चोरी पकडली गेल्यासारखं. डॉक्टरांना मुलीने तारीख सांगितली. त्यांनी मनात हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे त्रेचाळीस दिवस." बाहेर आल्यावर मी एकटाच परत आत गेलो आणि विचारलं, त्रेचाळीस दिवस आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. महिन्याभराने पुन्हा विचारलं. तेव्हाही म्हणाले, सांगता येत नाही. हो म्हणाले असते तर बरं झालं असतं, नाही म्हणाले असते तरी चाललं असतं.

एकदा वॉर्डात तिला विचारलं, "का नाही बोललीस?"

ती संत्र्याची साल काढत होती. हात बारीक झाले होते, पण साल अजून एकसंध निघायची.

"बोलले असते तर तुम्ही खुर्चीतून उठला असता," ती म्हणाली. "आणि हरलो असतो तर परत माझ्यावरच आलं असतं."

"हरलोच की."

"हो, पण माझ्यामुळे नाही ना."

आणि तिने मला अर्धं संत्रं दिलं.

मी मोटरींचं वाइंडिंग करतो. पंपाच्या, पंख्याच्या, मिक्सरच्या. जळलेली मोटर आली की आतली काळी पडलेली तार तोडून काढायची, खाचा साफ करायच्या, कागद घालायचा, आणि नव्या तांब्याच्या तारेची कॉइल भरायची. एकेका कॉइलला ठरलेले वेढे असतात. कुठे अडुसष्ट, कुठे एकशे दहा. दोन जास्त झाले किंवा दोन कमी, तर मोटर आज चालेल पण महिन्याभराने पुन्हा जळून येईल. मशीनला मोजणारा काटा असतो, पण मी शिकलो तेव्हा काटा नव्हता, त्यामुळे मला तोंडाने मोजायची सवय. मोजताना कोणी बोललं की मी डाव्या हाताचं बोट वर करतो. म्हणजे थांब, कॉइल संपू दे. कारखान्यात सगळ्यांना हे माहीत आहे. गिऱ्हाईकसुद्धा बोट बघून गप्प उभं राहतं.

हेच बोट घरी आलं. ते कधी आलं ते सांगता येत नाही. बातम्या ऐकताना, पेपर वाचताना ती काही विचारायला आली की बोट. ती थांबायची. वेढे मोजत नाही हे तिलाही दिसत होतं, तरी थांबायची.

गेल्या कपाच्या तिसऱ्या आठवड्यातली मॅच. अठ्ठावीस चेंडूंत एकतीस हवे होते. बाहेर जिन्यात वाटी पडली. पडून ती गडगडत खाली गेली, प्रत्येक पायरीवर एकेक आवाज. कंपाउंडर म्हणाला, "काय पडलं?" मी म्हटलं, "काही नाही, मांजर असेल." आमच्या जिन्यात मांजर नाही. मग दार वीतभर उघडलं. ती उभी होती. एक हात चौकटीवर, एक हात पोटावर. तोंडाचा रंग गेला होता. माझी खुर्ची दारासमोर आहे, त्यामुळे ती फक्त मला दिसली, बाकीच्यांची पाठ होती.

मी बोट वर केलं.

तिने दार लावून घेतलं. ती मॅच आपण जिंकलो. नंतर ती आत आली तेव्हा मी विचारलं, काय झालं होतं? "काही नाही, वाटी निसटली हातातून." आणि ती चेपलेली वाटी तिने ओट्यावर पालथी घातली.

हे मुलीलाही माहीत नाही.

कपाला चार दिवस राहिले तेव्हा मी मेहुण्याकडे गेलो. तो चष्म्याच्या दुकानात काचा कापायला असतो. दुकानाबाहेर त्याने स्वतःच्या अक्षरात बोर्ड लावला होता, 'कप नीट बघा, काचांवर दहा टक्के सूट.' दोन माणसं खरंच फ्रेम लावून बघत होती आणि आरशात बघता बघता टीमची चर्चा करत होती.

"सूट देऊन मालकाला बुडवणार तू," मी म्हटलं.

"मालकच म्हणाला लाव. यंदा सगळेच येडे झालेत, भाऊजी. मागच्या गल्लीतल्या न्हाव्याने तर सांगून ठेवलंय, जिंकलो तर दिवसभर दाढी फुकट. लोकांनी आत्तापासून दाढ्या वाढवल्यात."

तो काच चाकावर धरून कडा घासत होता. पाण्याचा बारीक फवारा त्याच्या मनगटावर उडत होता. माझं वाक्य तयार होतं. रस्त्याने येताना मी ते चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

"तुझ्याशी जरा बोलायचं होतं," मी म्हटलं.

"मलाही." त्याने चाक बंद केलं आणि काच फडक्याने पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला. "त्या दिवशी बाहेरच्या पट्ट्या काढू का विचारलं, ते तुम्हाला लागलं. मला काढायच्या नव्हत्या हो. मला तिकडे बघवेना, म्हणून विचारलं."

"नाही लागलं."

"ताईला बाहेर मी काढलं, भाऊजी. पहिल्यांदा मीच म्हटलं. पोरकटपणा होता, पण म्हटलं. आणि ती चार कप बाहेर बसली. एकदा तरी जिंकायला हवं होतं की नाही आपण? यंदा जिंकलो ना, तर मी म्हणेन, तिचं बाहेर बसणं फुकट गेलं नाही." त्याने काच उजेडाकडे धरली. "हसू नका."

मी हसत नव्हतो.

"तुम्ही काय बोलणार होतात?"

"काही नाही. शनिवारी वेळेवर ये."

त्याच दुपारी कारखान्यात अर्ध्या हॉर्सपॉवरच्या पंपाची कॉइल भरताना मोटरींच्या लोखंडी पत्त्या आणून देणारा पत्तीवाला दारात येऊन म्हणाला, "काय मिस्त्री, यंदा येतोय ना कप?" मी बोट वर केलं, आणि वर केलेल्या बोटाकडेच बघत बसलो. आकडा गेला. चौतीस म्हटलं होतं की पन्नास, काही आठवेना. सगळी तार उलटी सोडवून रिळावर घेतली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

घरी येताना जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका बाई भेटल्या. एकट्या राहतात, निवृत्त झाल्यात, गुडघ्यांमुळे दर मजल्यावर थांबतात. आमच्या दारासमोर थांबल्या होत्या आणि खाली फरशीकडे बघत होत्या.

"शनिवारी सुरू होतंय ना तुमचं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"यंदा मला स्कोअर कोण सांगणार?"

मला कळलं नाही. मी विचारलं, स्कोअर कसला?

"मी बाजारातून यायची तेव्हा इथे बसलेल्या त्यांनाच विचारायची ना. किती झाले, किती गेले. बरोबर सांगायच्या. मी वर जाऊन रेडिओ लावला की तोच आकडा निघायचा. एक-दोन इकडेतिकडे."

"पण तिला टीव्ही दिसत नव्हता. दार बंद असायचं."

"तेच मी एकदा विचारलं त्यांना. तर म्हणाल्या, ऐकू येतं सगळं. कंडक्टरांनी खुर्ची सरकवली की सिक्स. कंपाउंडर देवाचं नाव घेतात तेव्हा अपील. विकेट पडली की भाऊ सगळ्यात आधी ओरडतो, 'ताई, दार लावलंय ना?' आणि हे मांडीवर थाप मारतात त्यावरून चौका." बाई हसल्या. "म्हणाल्या, यांच्या थापेवरून मला बॉलसुद्धा कळतो, कव्हरमधून गेला की बॅटची कड लागून."

बाई कठडा धरून वर गेल्या. मी कुलूप उघडून आत गेलो आणि माझ्या खुर्चीत बसलो. मांडीवर थाप मारून पाहिली. मला तर एकच आवाज आला.

शनिवारी दुपारी सगळे वेळेवर आले. गल्लीत सकाळपासूनच शुकशुकाट होता. कंपाउंडरने दाढी केलेली नव्हती, न्हाव्याच्या भरवशावर. कंडक्टर जुना शर्ट घालून आला होता, वीस वर्षांपूर्वी फायनलला घातलेला. बटणं लागत नव्हती म्हणून उघडाच ठेवला होता.

"हा शर्ट आहे की झूल?" कंपाउंडर म्हणाला.

"तुझी दाढी बघ आधी. पेशंट घाबरून बरे होतील."

ज्याने त्याने आपापल्या पट्ट्यांवर खुर्ची बसवली. मेहुण्याने वाकून चौघांच्या खुर्च्या तपासल्या. मग टीव्ही लावला. दुसऱ्या टीमची बॅटिंग आधी होती. त्यांनी दोनशे एकसष्ट केले. डावखुऱ्या बॉलरचा गुडघा टिकला, तीन विकेट घेतल्या. कंपाउंडर माझ्याकडे वळून वळून बघत होता, त्या तीन विकेट त्यानेच काढल्यासारखा.

मधल्या सुट्टीत मेहुण्याने चहा केला. आपला ओपनर मैदानात येत होता तेव्हा मी उठलो.

"कुठे, मिस्त्री? जागा," कंडक्टर म्हणाला.

"आलो."

मी स्वयंपाकघरातून तिचं स्टूल उचललं, बाहेर गेलो, चार पट्ट्यांवर चार पाय ठेवले, बसलो आणि दार ओढून घेतलं.

जिना मी रोज चढतो-उतरतो, पण तिथे कधी बसलो नव्हतो. समोर मीटरची पेटी. वर कोणाच्या तरी घरी नळ गळत होता. भिंतीला डोकं टेकायच्या उंचीवर रंग तेलकट होऊन गेला होता, एका डोक्याएवढा गोल. मी तिथे डोकं टेकलं नाही. स्टूल बुटकं आहे, माझे गुडघे वर येत होते.

मी कान देऊन ऐकायला लागलो. आतून आवाज येत होते, पण एकमेकांत मिसळलेले. खुर्ची सरकली. कोणीतरी हं हं करत होतं. मग टाळी. मग बराच वेळ काही नाही. चौका असेल असं वाटलं, पण विकेटही असू शकली असती. अर्धा-पाऊण तास मी तसा बसलो. मग आत एकदम सगळं थांबलं आणि लगेच दार उघडलं.

मेहुणा होता. "भाऊजी," त्याने सुरुवात केली.

आत कोणीतरी काहीतरी म्हणत होतं, ते ऐकायला मी बोट वर केलं.

बोट वर केलं आणि ते मला दिसलं. तिथेच, त्याच दारात, आता दाराच्या या बाजूने. मी हात खाली घेतला, मांडीखाली धरला.

"बोल," मी म्हटलं.

"ओपनर गेला. मागोमाग अजून दोघं. तुमची जागा रिकामी आहे म्हणून... म्हणजे ते दोघं म्हणतायत. मी नाही म्हणत. पण आत या."

"दार लाव. इथे बस जरा."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने दार लावलं आणि खालच्या पायरीवर बसला. तोंड माझ्याकडे, कान आत. त्यात त्याचा दोष नव्हता. मीही तसाच बसलो असतो.

"तुझ्या ताईला अचानक काही झालं नव्हतं," मी म्हटलं. "गेल्या कपाच्या पहिल्या मॅचपासून दुखत होतं. त्रेचाळीस दिवस तिने कोणाला सांगितलं नाही. कप संपेपर्यंत थांबली."

तो माझ्याकडे बघत राहिला. कान आत होता, तो हळूहळू इकडे आला, तेही मला दिसलं.

"का?"

"हरलो असतो तर तिच्यावर आलं असतं, म्हणून."

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. चष्म्याच्या काचा घासून घासून त्याच्या बोटांची टोकं पांढरी, गुळगुळीत झाली आहेत. तो त्यांच्याकडे बघत होता.

"म्हणजे मी..."

"तू नाही. ऐक. एकदा तिच्या हातातून वाटी पडली होती. आठवतं? मी मांजर म्हटलं होतं."

"हो."

"ती दार उघडून उभी राहिली होती. तुमची पाठ होती. मला दिसली. पोट धरून उभी होती. मी तिला बोट दाखवलं." मी मांडीखालचा हात काढला नाही. "ती परत गेली. तू बावीस वर्षांचा असताना गंमत केलीस. मी पंचावन्नचा होतो."

मला वाटलं आता उठेल, खाली उतरून जाईल, आणि पुन्हा येणार नाही. कपाला नाही, एरवीही नाही. तसं झालं असतं तर मी त्याला अडवणार नव्हतो. तो उठला. दोन पायऱ्या उतरला. मग कठड्याला हात लावून थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "वाटी कुठे आहे?"

"ओट्यावर. आहे अजून."

"चेपलेली?"

"चेपलेली."

तो तिथेच, खालच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, पण पोहोचला नाही, आणि स्टूल हलवायचं नव्हतं.

आतून कंडक्टरचा आवाज आला, "अरे, कुठे गेलात दोघं? अकरा ओव्हर झाल्या." कोणीच उठलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली नाही.

खालून पिशवीचा आवाज आला. शिक्षिका बाई चढत होत्या. पायरी, मग थांबणं, मग पायरी. मेहुणा बाजूला सरकला, तोंड भिंतीकडे करून. बाई आमच्या चौकात आल्या, पिशवी खाली ठेवली, दम घेतला. मला स्टुलावर बसलेला पाहून त्यांना आधी काही वाटलं असावं, पण सवय मोठी असते.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

मी दाराला कान लावला. त्याही थांबल्या, पदराने मान पुसत. आत कंपाउंडर काहीतरी पुटपुटला. मग एक आवाज, थाप किंवा खुर्ची.

"कळत नाही, बाई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि वर गेल्या.

आत कोणीतरी टाळी वाजवली. दोघांपैकी कोणाची, ते मला ओळखू आलं नाही.